डावीकडचा जरा कमी कर

स्पीकरची पहिली जोडी माणूस विकत घेतो. दुसरी जोडी त्याच्या अंगावर येते.

पहिली घेताना त्याने लॅमिंग्टन रोडला बरेच शनिवार घालवलेले असतात. (पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण ते नाव घेऊन पत्ता विचारणारा माणूस तिथे पोस्टमन समजला जातो.) दुकानदार प्रत्येक जोडीवर तेच एक गाणं लावतो, आपण डोळे मिटून जाणकारासारखी मान हलवतो, आणि शेवटी खिशाला परवडणारी जोडीच सर्वांत गोड वाजते. दुसऱ्या जोडीच्या बाबतीत यातलं काही होत नाही. बोरिवलीत कुणाची तरी सोसायटी पुनर्विकासाला जाते, चार मजली इमारतीवर हिरवं कापड चढतं, बिल्डर भाडं देऊन मंडळींना तीन वर्षांसाठी इकडेतिकडे पांगवतो, आणि भाड्याच्या वन-बीएचकेत संसार मावेना म्हणून घराघरांतून वस्तू निघायला लागतात. कपाट भंगारवाल्याकडे जातं. टेबलफॅन कामवाल्या बाईंकडे जातो. स्पीकर मात्र कुणालाच टाकवत नाहीत. त्यांच्यासाठी सत्पात्र शोधावं लागतं, आणि "तुला गाण्याची आवड आहे ना रे?" अशा सुरुवातीचा फोन मला आला, त्या अर्थी ते सापडलं होतं.

फोन भावजींचा, म्हणजे आमच्या ताईच्या यजमानांचा. "घरातलाच म्हणून तुला देतोय. बाहेर दिले असते तर चांगले पैसे आले असते," ते म्हणाले. या एका वाक्याने वस्तू फुकट मिळूनही माणूस जन्मभर देणेकरी राहतो. टेम्पोचं भाडं स्पीकरच्या बाजारभावाच्या वर जात होतं, तेव्हा बोरिवली ते दादर आणि दादर ते मुलुंड असा तो ऐवज मी आणि चिरंजीवांनी लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणला. कंबरेपर्यंत येणाऱ्या लाकडी पेट्या. दादरचा पूल चढताना मागच्या गर्दीने आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली. पुढच्या गाडीत एका मावशींनी मासळीची पाटी सरळ स्पीकरवर टेकवली.

"मावशी, स्पीकर आहे तो."

"मग? आत्ता कुठे वाजतोय?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. उजव्या स्पीकरच्या जाळीच्या कापडाला दमट हवेत अजूनही बोंबलाचा वास येतो. डाव्याला येत नाही. दोन जुळ्यांमधला पहिला फरक हा असा घाटकोपर आणि मुलुंडच्या दरम्यान पडला.

माझ्या अँप्लिफायरच्या पाठीमागे दोन जोड्या लावायची सोय आहे आणि पुढे 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं आहेत. ती ज्याने बसवली त्याच्या डोळ्यांसमोर 'ए' दिवाणखान्यात आणि 'बी' शयनगृहात असा काहीतरी ऐसपैस देश असणार. आमच्याकडे दोन्ही जोड्या एकाच हॉलमध्ये, आणि त्या हॉलला हॉल म्हणतात तो केवळ बिल्डरच्या नकाशावर तसं छापलंय म्हणून. दोन्ही बटणं दाबली. भावजींची जोडी दणदणून गायला लागली. माझी जोडी जिवंत आहे की नाही हे बघायला तिच्या जाळीला कान लावावा लागला.

यात माझ्या जोडीचा दोष नाही. प्रत्येक स्पीकरच्या कागदावर एक आकडा छापलेला असतो: एक वॉट दिला आणि एक मीटर अंतरावर मोजलं, तर किती डेसिबल आवाज भरतो. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. माझ्या छोट्यांची सेन्सिटिव्हिटी ८६, भावजींच्या उंचांची ९०. चारचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबलचा हिशेब पटीत चालतो. ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, १० वाढवायचे तर दसपट, आणि एवढा खर्च करून कानाला आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. त्यात माझी जोडी ८ ओहमची आणि त्यांची ४ ची. एका अँपवर शेजारी-शेजारी जोडल्या की ४ ओहमवाली दुप्पट पॉवर ओढते, म्हणजे आणखी ३ डेसिबल तिच्या पदरात. फरक झाला ७ डेसिबलचा. याचा अर्थ माझ्या जोडीला भावजींच्या जोडीच्या बरोबरीने बसायचं असेल, तर तिच्या वाट्याला आत्ता येते त्याच्या पाचपट पॉवर यायला हवी. शिवाय ८ आणि ४ मिळून अँपला पावणेतीनहून कमी ओहम दिसतात, त्यामुळे तो तापतो. याचा त्रास अँपला होतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्यावर मोजे वाळतात.

वॉटच्या आकड्यांबद्दल मात्र आमच्या पिढीला काही सांगू नये. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर 'पी. एम. पी. ओ.' असं लिहिलेला चकचकीत स्टिकर असायचा आणि त्यापुढे हजार, दोन हजार, मनात येईल तो आकडा. भिंतीतल्या प्लगमधून वीस-पंचवीस वॉट घेणारं यंत्र हजार वॉट फेकतं, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकून आलेली मुलं बिनतक्रार मान्य करायची. स्टिकर काढला तर वॉट कमी होतील या भीतीने तो कुणी काढतही नसे.

आता या सात डेसिबलचं काय करायचं? इथे विज्ञान फार परखड आहे. कमी आवाजाच्या जोडीला वर आणायचा स्वस्तातला मार्ग नाही. मोठ्या जोडीला खाली आणता येतं. तिच्या तारेत 'एल-पॅड' नावाची एक वस्तू बसवतात. दिसायला साधं बटण, पण स्पीकरला जाणाऱ्या पॉवरचा काही हिस्सा मधल्या मध्ये खाऊन उष्णता करून टाकणारं. दोन जोड्यांत समता आणायची तर जोरात बोलणाऱ्याला गप्प करायचं, एवढाच याचा मथितार्थ. आणि जोरात बोलणारी जोडी भावजींची होती.

"कशी वाजतेय?" हा फोन दर रविवारी यायचा.

"छान वाजतेय. फक्त थोडा रेझिस्टन्स घालून खाली आणतोय."

पलीकडे शांतता. मग, "म्हणजे माझ्या स्पीकरचा आवाज दाबतोयस."

"दाबत नाही, भावजी. जुळवतोय."

"तुझे वाढव ना मग! माझे कशाला कमी करतोस?"

पुढच्या महिन्यात ते स्वतःच आले. सोफ्यावर बसले आणि चार स्पीकरमधून फक्त आपले दोन ऐकू लागले. ही सिद्धी त्यांना आहे. लग्नाच्या पंगतीतही ते स्वतः दिलेल्या आहेराचा उल्लेख कुठल्या कोपऱ्यात होतोय हे अचूक ओळखतात. मी एल-पॅड मुद्दाम पूर्ण उघडला. "बघ! आता कसा मोकळा आवाज आला!" ते ताईकडे बघून म्हणाले. आवाज मोकळा-बिकळा झाला नव्हता, नुसता मोठा झाला होता. पण माणसाच्या कानाला जरा मोठं वाजणारं नेहमी जरा चांगलंही वाटतं, आणि याला भावजींइतकेच अंधेरीच्या ओशिवरा-वर्सोव्यातल्या स्टुडिओंत काचेमागे बसणारे पट्टीचे कानही अपवाद नाहीत. म्हणून तर त्या धंद्यात दोन स्पीकरची तुलना करण्याआधी त्यांचे आवाज मोजून सारखे करतात. एरवी जो मोठा, तो जिंकला.

या स्टुडिओवाल्यांकडे बेमेळ जोड्या हौसेने ठेवलेल्या असतात, हे कळल्यावर मला फार धीर आला. एक मोठी जोडी भिंतीत, एक मध्यम समोर, एक अगदी सामान्य, कारण ते गाणं शेवटी रिक्षात आणि स्वयंपाकघरातच वाजणार असतं. यामाहाची एनएस-१० नावाची पांढऱ्या कोनची जोडी १९७८ साली घरगुती ग्राहकांसाठी निघाली. घरातल्या लोकांना ती काही आवडली नाही. पण तिच्यात गाण्यातले सगळे दोष उघडे पडतात म्हणून जगभरच्या स्टुडिओंनी तिला उचलून धरलं. तिचा वरचा आवाज इतका टोचायचा की इंजिनिअर मंडळी तिच्या ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवायची. हजारो डॉलरच्या खोलीत स्पीकरच्या तोंडाला कागद. आमच्याकडे हाच उपाय पत्नीने आधीच केला होता, क्रोशाचा रुमाल टाकून. त्यामागची भूमिका मात्र धूळ बसू नये ही होती.

खरी उलथापालथ तिनेच केली. चार स्पीकरमुळे घरात फिरायला जागा नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते नाकारायला मी तिच्यासमोर उभा राहावं तर तेवढीही जागा नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत निर्णय झाला. शोकेसच्या डावीकडे कोपरा मोकळा, तिथे भावजींचा एक उंच स्पीकर. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार आणि चपलांचा स्टँड, तिथे उंच मावत नाही. तेव्हा भिंतीवरच्या फळीवर माझा एक छोटा. उरलेला एक उंच गॅलरीत, त्याच्यावर तुळस. उरलेला एक छोटा चिरंजीवांच्या अभ्यासाच्या टेबलावर, पुस्तकं पडू नयेत म्हणून. दोन जोड्या होत्या त्यातून आता एक जोडी झाली, आणि तिच्यातलं कुणी कुणाचं नातेवाईक नव्हतं.

यावर उपाय म्हणून अँपवर बॅलन्सचं बटण असतं. ते मधोमध असावं अशी ते बनवणाऱ्याची अपेक्षा. आमचं उजवीकडे अडीच वाजल्यासारखं उभं. रेडिओ लावायचा, निवेदिकेचा आवाज ऐकत बटण फिरवत न्यायचं आणि बाई शोकेसच्या मधोमध, बरोबर लग्नाच्या फोटोतून बोलायला लागल्या की थांबायचं. बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जमतं. गाणाऱ्याच्या बाबतीत जमत नाही. कारण डावीकडचा स्पीकर मोठ्या कोनचा, खर्जात रमणारा, त्यातून कोपऱ्यात ठेवलेला. दोन भिंती आणि जमीन मिळून त्याचा खर्ज आणखी फुगवतात. उजवीकडचा छोटा, वरच्या सुरांत चुरचुरीत, खाली जवळजवळ मुका. बॅलन्सचं बटण सगळ्या सुरांना सारखंच कमी-जास्त करतं, पण हे दोघे प्रत्येक सुराला वेगळे कमी-जास्त आहेत. परिणाम असा की आमच्याकडे गायिका एका जागी उभी राहून गात नाही. मंद्र सप्तकात ती डावीकडे शोकेसपाशी असते. मध्य सप्तकात लग्नाच्या फोटोपाशी येते. तारसप्तकाला हात घालते तेव्हा चपलांच्या स्टँडपर्यंत पोचलेली असते. वेगाने तान घेतली की बाई हॉलभर येरझारा घालतात. साथीदारांचीही ताटातूट झालेली: डग्गा भिंतीला टेकलेला, चाटीची बोटं मात्र स्वयंपाकघराच्या दारात. एकाच माणसाचे दोन हात बारा फुटांवर.

"हिला नीट बसून गाता येत नाही का?" आमच्या आईने विचारलं होतं.

आईचा डावा कान वयोमानाने मंदावलाय. म्हणजे तिच्यासाठी बॅलन्स निराळा. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात, म्हणजे माझ्यासाठीही तो दहा वर्षांपूर्वीचा नाही. आणि स्टिरिओ ही चीज मुळातच एका माणसासाठी केलेली आहे, हे त्या रंगीत जाहिरातींत कुणी सांगितलं नव्हतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तिसऱ्या कोनावर जो बसेल त्यालाच सगळं नीट ऐकू येतं. मी टेप घेऊन मोजलं. आमच्या घरात तो कोन मोरीच्या दारात येतो. तिथे खुर्ची टाकून बसलं की सनई कुठे, सारंगी कुठे, हे बोट दाखवून सांगता येतं, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी "जरा उठता का" म्हणतं.

बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं, याचाही अभ्यास झालेला आहे. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन स्पीकरमधून थोड्या अंतराने आला, तर कान ज्याचा आधी आला त्यालाच सगळं श्रेय देतो. मागून येणारा १० डेसिबलने मोठा असला तरी सहसा वेगळा ऐकू येत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात फूटभर. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली व्यक्ती छोट्या स्पीकरपासून दोन फुटांवर आणि मोठ्यापासून बारा फुटांवर. दहा मिलिसेकंदांत निकाल लागला. भावजींचा स्पीकर पलीकडे कितीही छाती फुगवो, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या लेखी सगळं गाणं माझ्या छोट्याचं. ही गोष्ट मी भावजींना अजून सांगितलेली नाही.

मुळात ही स्टिरिओची भानगड सिनेमातल्या एका तक्रारीतून निघाली. ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन होणाऱ्या पत्नीबरोबर बोलपट बघायला गेला असताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. आणि चार वर्षांनी आपल्या पद्धतीची चाचणी म्हणून त्याने कशाचं चित्रीकरण केलं असेल? लंडनच्या हेज नावाच्या उपनगरातल्या स्टेशनात ये-जा करणाऱ्या गाड्यांचं. आवाज डावीकडून उजवीकडे जातो हे लोकांना पटवायला उपनगरी स्टेशनाहून चांगली गोष्ट या जाणकारालाही सापडली नाही. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या रुळांलगतच्या घरांना हे प्रात्यक्षिक पहाटे चारपासून रात्री एकपर्यंत फुकट आहे. आमच्या खिडकीतून सीएसएमटीकडे जाणारी जलद डावीकडून उजवीकडे जाते, ठाण्याकडची उजवीकडून डावीकडे, आणि दोन्ही एकदम आल्या की तेवढा वेळ घरात बॅलन्स अगदी मधोमध असतो.

आपल्याकडे याची गोडी सिनेमानेच लावली. १९६७ चा 'अराउंड द वर्ल्ड' हा ७० एमएममधला पहिला हिंदी सिनेमा, तोही स्टिरिओ आवाजात; पण घराघरांत नाव झालं ते १९७५ च्या 'शोले'चं. लॅमिंग्टन रोडच्याच मिनर्व्हा टॉकीजमध्ये नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकले, असं सांगणारे काका प्रत्येक घरात आहेत. वाकलेला काका मात्र मला अजून भेटायचा आहे. आमचे भावजी तिथे होते म्हणतात. ते वाकले नाहीत, कारण त्यांना नाणं कुठल्या स्पीकरमधून पडलं हे लगेच कळलं.

मध्यंतरी एक नवाच प्रकार झाला. पुढच्या एका साफसफाईनंतर बोलणारे रेडिओवाले शोकेसमध्ये न दिसता डोक्यात, दोन कानांच्या मध्ये कुठेतरी बोलायला लागले आणि ढोलकी नाहीशी झाली. बॅलन्स फिरवून उपयोग होईना. छोटा स्पीकर पिशवीत घालून घाटकोपरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. जिन्याखाली तीन फुटांचं दुकान, मागे मरून पडलेल्या टीव्हींची रास. त्याने काहीएक विचारलं नाही. जाळी काढली, दोन्ही हातांचे अंगठे कोनवर ठेवून तो हलकेच आत दाबला, सोडला, पुन्हा दाबला, कान तिरका. आत कॉइल घासत असेल तर वाळूसारखा आवाज येतो. आला नाही. मग त्याने खणातून एक पेन्सिल सेल काढला, दोन तारांची टोकं त्याला टेकवली. 'थप्प' असं झालं आणि कोन डोळ्यांना दिसेल इतका आत गेला.

"बघितलात? सेलचं प्लस लाल तारेवर ठेवलं तर कोन बाहेर यायला पाहिजे," तो म्हणाला. "आत जातोय. कुणीतरी आतल्या तारा उलट्या लावल्यात."

एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. दोघांनी मिळून कपाट उचलायचं आणि एकाने "उचल" म्हटल्यावर दुसऱ्याने खाली ठेवायचं, असं हे चाललेलं. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. त्याने तारा बदलल्या, पुन्हा 'थप्प', कोन बाहेर. मग पसंतीसाठी तो आपल्या अँपवर लावून दाखवणार, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. घाटकोपर सांताक्रूझच्या धावपट्टीच्या वाटेत आहे; तिथे विमानं इतकी खाली आलेली असतात की बोलणारी माणसं वाक्याच्या मध्यात थांबतात आणि विमान गेल्यावर पुढच्या शब्दापासून चालू करतात. तो थांबला, मी थांबलो, ग्राहक थांबले. "पन्नास रुपये," विमान गेल्यावर तो म्हणाला. विमान येण्याआधी तो चाळीस म्हणाला होता असा माझा आपला एक समज आहे.

ढोलकी परतली. पण जमवलेला बॅलन्स रात्री दहापर्यंतच टिकतो, हे नंतर लक्षात आलं. दिवसा निवासी भागात ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५, अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि खासगी यंत्राचा आवाज स्वतःच्या जागेच्या हद्दीवर त्याहून ५ च्या वर जाता कामा नये असंही आहे. आमची हद्द म्हणजे चार इंची भिंत, आणि पलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी. तेव्हा दहाला आवाज खाली. आणि आवाज खाली गेला की माणसाचा कान आधी खर्ज ऐकायचं सोडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅबमध्ये याचे आलेख काढून ठेवलेत. भावजींच्या स्पीकरची सगळी ऐट खर्जावर. त्यामुळे दहा वाजून पाच मिनिटांनी गायिका चपलांच्या स्टँडवर कायमच्या मुक्कामाला. त्यातून आवाजाच्या बटणाच्या आत दोन बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि अगदी खालच्या टोकाला त्या क्वचितच सारख्या निघतात. थोडक्यात, बॅलन्स नऊ वाजताचा वेगळा आणि साडेदहाचा वेगळा. मी दोन्ही जागा बटणाभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवल्या. पत्नीने त्या पुसल्या.

या सगळ्याची ख्याती सेक्रेटरींपर्यंत भिंतीतून पोचलेली होतीच. गणपतीत सोसायटीचं भाड्याचं साउंड ऐनवेळी आलं नाही, तेव्हा ते दारात उभे. "तुमच्याकडे चार स्पीकर आहेत ना?" तुळस खाली उतरली, पुस्तकं पलंगावर गेली, आणि चौघेही मांडवात. एक उंच आणि एक छोटा ए विंगच्या तोंडाला, तशीच जोडी बी विंगच्या तोंडाला. अँपवर मोनोचं बटण आहे. ते मी दाबलं, म्हणजे दोन्हीकडे एकच आरती जाईल, डावी-उजवीची कटकट नको. पण बी विंगवाल्यांचं म्हणणं पडलं की ए विंगला आवाज जास्त जातोय. वर्गणी दोघांची सारखी. बॅलन्स उजवीकडे नेला, तर ए विंगवाले आले.

शेवटी मोजायचं ठरलं. दोन्ही विंगांतून एकेक प्रतिनिधी नेमला, दोघांनी मोबाइलवर डेसिबलचं अ‍ॅप घेतलं, आपापल्या लिफ्टपाशी उभे राहिले आणि एकमेकांना फोन लावून आकडे सांगू लागले. (फोनवर बोलताना अ‍ॅपचा माइक फोन घेतो, तेव्हा पुन्हा दोन मोबाइल जास्तीचे आणावे लागले.) ए विंगला ७१, बी विंगला ६५. बॅलन्स हलवला. ए ६८, बी ६८. टाळ्या. तेवढ्यात चिरंजीवांनी सुचवलं की फोन बदलून बघा. बदलले. ए ६४, बी ७२. दोन मोबाइलचे माइकच सारखे नव्हते. मग कुठला मोबाइल खरा यावर बैठक बसली. एकाची किंमत जास्त होती, दुसऱ्याला त्याच महिन्यात नवा स्क्रीनगार्ड लावलेला होता. भावजी बोरिवलीहून आरतीला आलेले. ते दोन्ही विंगांच्या मधोमध उभं राहून ज्याला त्याला सांगत होते की मोठे दोन माझे. खजिनदारांनी वर्गणीची वही उघडली, पेनचं टोपण दातात धरलं आणि मला विचारलं, "बी विंगला दर डेसिबलमागे किती सूट धरू?"